एकशे चार वर्षांचा तरुण

'कर्वे पुतळा' म्हणजे माझ्यासाठी आधी फक्त एक बस स्टॉप होता. कोथरूडला मावशीकडे जाताना तिथे उतरायचं, एवढंच. पुतळा कोणाचा हे बघायला मी कधी मान वर केली नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून असेल, असं मी आत्तापर्यंत सांगत आले. पण खरं सांगायचं तर ती सबबच.

मागच्या सेमिस्टरला माझा विसावा वाढदिवस झाला. होस्टेलच्या पद्धतीप्रमाणे केक खाण्यापेक्षा तोंडालाच जास्त फासला गेला, आणि मग रूममेटने जाहीर केलं की टीन-एज संपलं, आता मी म्हातारी झाले. सगळ्या हसल्या, मीही हसले. रात्री मात्र झोप येईना. त्याच आठवड्यात एम-थ्रीचा निकाल लागला होता आणि माझा विषय दुसऱ्यांदा राहिला होता. बरोबरच्या पोरी पुढे चालल्यात आणि मी ज्युनिअर्सच्या बाकावर बसणार. विसाव्या वर्षीच आपली गाडी चुकली, असं मनात बसलं ते बसलंच.

सुट्टीत मावशीच्या कपाटात महर्षी कर्व्यांचं चरित्र सापडलं. ते गणिताचे प्राध्यापक होते हे पहिल्याच पानावर कळल्यावर मी पुस्तक परत ठेवणार होते! पण चाळता चाळता एका प्रसंगापाशी थांबले.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. गाव कोकणातलं मुरूड, दापोलीजवळचं. घरची गरिबी. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी त्यांना साताऱ्याला जायचं होतं. तेव्हा एस.टी. नाही, काही नाही. सतरा-अठरा वर्षांचा हा मुलगा सोबत्यांबरोबर शंभर मैलांहून जास्त अंतर, पावसातून, घाट चढून पायी गेला. आणि तिथे पोचल्यावर परीक्षेला बसूच दिलं नाही. का, तर तो वयाच्या मानाने फार लहान दिसत होता! आल्या वाटेने परत.

मी असते तर तिथेच बसून रडले असते. कर्व्यांनी परीक्षा नंतर दिली. मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. त्याआधीच त्यांचं लग्नही झालेलं होतं. मुंबईला शिकवण्या करत करत १८८४ मध्ये गणित घेऊन बी.ए. झाले, तेव्हा वय सव्वीस. आजच्या हिशोबाने हा माणूस आमच्या किती तरी बॅचेस मागे होता. पण त्यांनी हा हिशोब कधी मांडलेला दिसत नाही.

१८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवायला लागले. १८९३ मध्ये, पस्तिशीला टेकलेले असताना, त्यांनी गोदूबाई या विधवा मुलीशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. त्या काळी बिजवराने दहा-बारा वर्षांची मुलगी करायची आणि कोणी भुवई वर करायची नाही, पण विधवेशी लग्न म्हणजे महापाप. मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावातून परीक्षेला चालत गेले त्याच गावात त्यांना उजळ माथ्याने जाता येईना.

१८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. आज तिथे ट्रॅफिकमध्ये आपण वैतागतो, तेव्हा माळ होता आणि एक झोपडी. कॉलेजचे तास संपले की कर्वे चिखल तुडवत तिकडे चालत जायचे, मुलींना शिकवायचे आणि सकाळी परत कॉलेजला हजर. आपल्याला होस्टेलवरून पहिल्या लेक्चरला वेळेवर पोचणं जमत नाही!

पण मला खरी गंमत वाटली ती पुढच्या भागाची. १९१४ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. आता कोणीही म्हटलं असतं की झालं, खूप केलंत, नातवंडं खेळवा. त्या सुमारास जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे आली. आधी ती बाजूला पडली होती. नंतर वाचली आणि त्यांच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. तेव्हा वय अठ्ठावन्न. विद्यार्थिनी किती? अवघ्या पाच. आमच्या प्रॅक्टिकलच्या एका बॅचमध्येसुद्धा याहून जास्त मुली असतात. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. ते आपलं एस.एन.डी.टी.

१९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. शिक्षण परिषदांना गेले, भाषणं केली, विद्यापीठासाठी पैसे गोळा केले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले. आणि ज्या जपानी विद्यापीठाची पुस्तिका वाचली होती, ते स्वतः टोकियोला जाऊन पाहून आले. परत आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीला आफ्रिकेला निघाले! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केलं. शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ मध्ये, जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. १९५८ मध्ये शंभरी भरली तेव्हा भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले, तेव्हा वय होतं एकशे चार.

वाचून मी एकदम भारावून गेले होते. मावशी म्हणाली, एवढ्यावर थांबू नकोस, बायांचं 'माझे पुराण'ही वाच. बाया म्हणजे गोदूबाई, लग्नानंतरच्या आनंदीबाई. ते पुस्तक वाचल्यावर मी जरा जमिनीवर आले. अण्णासाहेबांनी मिळकत संस्थेकडे वळवायची आणि घरात पैशाची ओढाताण बायांनी निस्तरायची, असं वर्षानुवर्षं चाललं. त्या चिडायच्या, भांडायच्या, आणि तरी संस्थेसाठी झटायच्या. एक माणूस शंभर वर्षं मनाने तरुण राहतो तेव्हा दुसऱ्या कोणाला लवकर मोठं व्हावं लागतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. माझी परीक्षेची फी भरून वर हसतमुखाने फोन करणारी आई मला तेव्हा आठवली.

आपण मनाने तरुण म्हणजे काय समजतो? जीन्स घालणारे आजोबा, डाय केलेले केस, गॅदरिंगला नाचणारे सर. तेही छानच आहे. पण कर्व्यांच्या बाबतीत मला वेगळंच काही दिसलं. ते प्रत्येक वयात नवशिके व्हायला तयार होते. साताऱ्याला लहान दिसतोस म्हणून परत पाठवलं तेव्हा ते थांबले नाहीत, आणि पुढे म्हातारे झालात म्हणून कोणी थांबवायच्या आत ते पुढच्या कामाला लागलेले असायचे. म्हातारपण बहुतेक पन्नाशीत किंवा साठीत येत नसावं. आता काय उपयोग, असं पहिल्यांदा मनात येतं तेव्हा येत असावं. म्हणजे मला ते विसाव्या वर्षीच आलं होतं!

एम-थ्रीचा फॉर्म भरलाय. ज्युनिअर्सच्या क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसते, त्यांच्यातल्याच एकीकडून लाप्लास ट्रान्सफॉर्म समजावून घेते. पहिल्या दिवशी कान लाल झाले होते, आता नाही होत. निकाल लागेल तेव्हा लागेल.

आणि हो, मागच्या रविवारी मावशीकडे जाताना कर्वे पुतळ्याला उतरले आणि पहिल्यांदाच मान वर करून नीट बघितलं.