फाईल बिघडली तरी नीट कशी मिळते? श्रेय रिचर्ड हॅमिंग यांना!
१९१५ साली शिकागोत जन्मलेले गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग १९४६ मध्ये बेल लॅब्समध्ये रुजू झाले. तिथला संगणक सुट्टीच्या दिवशी चूक सापडली, की हातातलं काम सोडून पुढचं घ्यायचा. सलग दोन आठवडे सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काहीच आलं नाही. मशीनला चूक कळते, मग दुरुस्त का करता येत नाही?

१९५० मध्ये त्यांनी उत्तर मांडलं: ४ बिटना ३ तपासणी बिट जोडा. एखादा बिट उलटला, तर नेमका कुठला ते कळतं. तीन प्रती ठेवून बहुमत घ्यायचं, तर १२ बिट लागतात. इथे ७ पुरतात.

१९६८ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये ते गेले. सर्व्हरच्या मेमरीत चुका दुरुस्त होतात, त्या आजही याच कल्पनेवर.