प्रीमो लेव्ही : साक्ष आणि स्मृती

छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या लेखनाचा विचार करताना प्रीमो लेव्ही या इटालियन लेखकाचे चरित्र विशेष महत्त्वाचे ठरते. छावणीची नोंद करणे आणि त्या नोंदीची विश्वसनीयता तपासणे, ही दोन्ही कामे त्यांनी केली.

३१ जुलै १९१९ रोजी तुरीन येथील ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठांची दारे बंद केली; तथापि आधीच प्रवेश घेतलेला असल्याने १९४१ मध्ये त्यांना रसायनशास्त्राची पदवी मिळाली. फॅसिस्टविरोधी लढ्यात सामील झाले असता डिसेंबर १९४३ मध्ये ते पकडले गेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये फोसोली येथून सुमारे ६५० जणांसह त्यांची रवानगी आउश्वित्झला झाली. त्यांतील मोजकेच परतले. कृत्रिम रबराच्या कारखान्यासाठी कैदी राबविणाऱ्या मोनोवित्झ छावणीत लेव्ही १७४५१७ हा क्रमांक झाले. जानेवारी १९४५ मध्ये स्कार्लेट ज्वराने ते छावणीच्या रुग्णालयात पडून होते, म्हणूनच इतर कैद्यांच्या वाट्याला आलेली जीवघेणी पायपीट टळली. २७ जानेवारीस सोव्हिएत सैन्य तेथे पोहोचले.

लेव्ही यांची पहिली साक्ष ही साहित्यकृती नव्हती, हे लक्षणीय होय. लिओनार्दो दे बेनेदेत्ती या डॉक्टरांसह त्यांनी मोनोवित्झमधील आरोग्यस्थितीचा अहवाल लिहिला. तो १९४६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘हा जर माणूस असेल’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले त्यांचे पुस्तक आयनाउदी या प्रकाशनसंस्थेने नाकारले. १९४७ मध्ये एका लहान प्रकाशकाने त्याच्या २५०० प्रती काढल्या. पुढे १९५८ मध्ये आयनाउदीनेच ते पुन्हा प्रसिद्ध केले. या काळात लेव्ही रंगांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. त्यांच्या गद्यातील काटेकोरपणा आणि संयम या व्यवसायापासून वेगळा काढता येत नाही.

‘बुडालेले आणि वाचलेले’ (१९८६) या निबंधसंग्रहात त्यांनी स्वतःच्याच साक्षीची उलटतपासणी केली. स्मृती झिजते, वारंवार सांगितलेली आठवण साचेबंद होते, आणि ज्यांनी खरोखर तळ गाठला ते सांगण्यासाठी परतलेच नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. वाचलेल्याची साक्ष ही इतरांच्या वतीने दिलेली, म्हणूनच अपुरी साक्ष ठरते.

११ एप्रिल १९८७ रोजी तुरीनमधील राहत्या इमारतीच्या जिन्यावरून कोसळून त्यांचा मृत्यू झाला. अनेकांनी ती आत्महत्या मानली, काहींनी अपघात. परंतु त्या अखेरीवरून समग्र लेखनाचा अर्थ लावणे म्हणजे ज्या घाईच्या निवाड्याविरुद्ध त्यांनी लेखणी झिजविली, तोच निवाडा त्यांच्यावर लादणे होय. त्यांच्या थडग्यावर नाव आणि सालांसोबत तो क्रमांकही कोरलेला आहे.