उतारवयातील विद्यार्थी: भिक्खू फाहियान

उपासक-उपासिकांनो, शिकण्याचे वय निघून गेले असे तुम्हांला वाटते काय? मग चिनी भिक्खू फाहियान यांचे चरित्र ऐका.

चीनमध्ये भिक्खुसंघाच्या नियमांचे ग्रंथ अपुरे होते. ते मिळवण्यासाठी इ.स. ३९९ मध्ये, उतारवयात, ते चांगआनहून निघाले. वाळवंट आणि हिमपर्वत त्यांनी पायी ओलांडले. एक सोबती बर्फात दगावला. काही मागे फिरले.

श्रावस्ती, कपिलवस्तू, बोधगया त्यांनी पाहिली. पण दर्शन घेऊन ते थांबले नाहीत. पाटलिपुत्रात ३ वर्षे राहून ते संस्कृत शिकले आणि विनयग्रंथ स्वतःच्या हाताने उतरवून घेतले. पुढे सिंहलद्वीपात, बुद्धमूर्तीपुढे कोणी वाहिलेला चिनी रेशमी पंखा पाहून त्यांचे डोळे भरून आले. तेथेही २ वर्षे राहून त्यांनी आणखी ग्रंथ मिळवले.

परतीच्या प्रवासात जहाज वादळात सापडले. जहाजावरील ब्राह्मणांनी या श्रमणाला अपशकुनी ठरवले व बेटावर उतरवण्याचा घाट घातला. एका सहप्रवाशाने तो हाणून पाडला. ४१२ मध्ये ते ग्रंथांसह मायदेशी पोहोचले.

तुम्ही बोधगयेला जाल, तेव्हा फुले अवश्य वाहा. पण येताना एखादा ग्रंथ घेऊन या आणि तो घरात सर्वांना वाचून दाखवा.