तर्काचे मोठे उस्ताद : मीर फतहुल्ला शिराजी

मालेगावसारख्या गावात, ज्या मदरशांत ‘दर्से निज़ामी’चा जुना पाठ चालतो तिथे, तर्कशास्त्राच्या आरंभीच्या पुस्तकांत ‘ईसागोजी’ नावाची एक लहानशी पुस्तिका असते. नाव मूळ ग्रीक आहे, अर्थ ‘प्रवेश’. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या ग्रीक तत्त्वज्ञाने अॅरिस्टॉटलकडे वळणाऱ्या नवख्यांसाठी या नावाचे पुस्तक लिहिले. तेराव्या शतकात असीरुद्दीन अब्हरी यांनी तेच नाव घेऊन अरबीत ही पुस्तिका रचली.

जिन्स, नौअ, फस्ल, खास्सा आणि अर्ज-ए-आम ही पाच नावे विद्यार्थी आधी पाठ करतो. माणूस ही नौअ, म्हणजे जात. प्राणी हे तिचे जिन्स, म्हणजे मोठे कूळ. विचार करून बोलणे हा त्याला इतर प्राण्यांपासून वेगळा करणारा फस्ल. हसणे त्याचे एकट्याचे, तो खास्सा. चालणे मात्र बैललाही येते, म्हणून ते अर्ज-ए-आम. संस्कृत पाठशाळेत अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ जे काम करतो, तेच हे. (आपल्या पिकाची ‘फसल’ आणि हा ‘फस्ल’ मुळात एकच अरबी शब्द.)

असली पुस्तके हिंदुस्थानात आधीही होती. पण मदरशात तर्क आणि तत्त्वज्ञानाला मोठी जागा मिळाली, त्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते मीर फतहुल्ला शिराजी आपल्या दख्खनच्या वाटेने आले. शिराजला मीर गियासुद्दीन मन्सूर यांच्यासारख्या उस्तादांकडे ते शिकले. पहिल्या अली आदिलशहाने त्यांना विजापूरला बोलावून घेतले. 1580 मध्ये आदिलशहाचा खून झाला आणि 1583 मध्ये अकबराच्या बोलावण्यावरून मीरसाहेब फतेहपूर सिक्रीला गेले.

तिथे त्यांनी राजा तोडरमल यांच्याबरोबर महसुलाचे काम पाहिले, तोफा-बंदुकांची यंत्रे केली आणि 1584 मध्ये सूर्यावर चालणारी इलाही कालगणना बसवून दिली. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हे आपण पाहतोच. चांद्र वर्षाने सारा वसूल केला, तर तीस वर्षांच्या पिकावर शेतकऱ्याला एकतीस वर्षांचा सारा पडतो. ही अडचण या कालगणनेने दूर व्हायची होती. मीरसाहेबांची इबादत मात्र चंद्राच्याच महिन्यांची राहिली. ज्या दरबारात उघड नमाज पढायला लोक कचरत, त्या दिवाणखान्यात ते आपल्या शिया पद्धतीने शांतपणे नमाज पढत. ही नोंद मुल्ला बदायुनींची आहे. ते कट्टर सुन्नी, आणि मीरसाहेबांवर फारसे खूशही नव्हते.

बदायुनी आणखी दोन गोष्टी सांगतात. एवढा विद्वान माणूस रोज अमीर-उमरावांच्या घरी जाऊन सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवी. त्यांत अबुल फजल यांचा मुलगाही होता. बदायुनींना हे कमीपणाचे वाटले. मला मात्र मीरसाहेबांच्या आयुष्यातले हेच सर्वांत मोठे काम वाटते. दुसरी गोष्ट कडू आहे. एरवी अत्यंत विनयी असलेले मीरसाहेब पाठ देताना शिष्यांना घाणेरड्या शिव्या देत. म्हणून त्यांच्याकडे फार थोडे येत आणि नाव घ्यावा असा शिष्य त्यांच्या मागे राहिला नाही, असे बदायुनींचे म्हणणे.

शिव्यांचे खरे असेल. वर्गात जीभ सुटणारे विद्वान आजही भेटतात. पण शिष्यांबद्दल बदायुनी चुकले. लाहोरचे मुल्ला अब्दुस्सलाम त्यांच्याकडेच शिकले होते आणि त्यांच्यापासूनची शिष्यपरंपरा पुढे फिरंगी महलच्या मुल्ला निज़ामुद्दीन यांच्यापर्यंत आली. ज्यांच्या नावाने दर्से निज़ामी ओळखला जातो ते हेच. हा धागा अठराव्या शतकात आजाद बिलग्रामी यांनी नोंदवला. ते बरीच वर्षे औरंगाबादेत राहिले. त्यांची कबर खुलताबादला आहे. ग्रीक अॅरिस्टॉटल, शिया उस्ताद आणि सुन्नी मदरसे. कोणी कोणाचे पुस्तक परके म्हणून फेकले नाही.

1589 मध्ये अकबराबरोबर काश्मीरला गेले असता मीरसाहेबांना जबर ताप आला. स्वतः वैद्यक जाणत असल्याने त्यांनी आपल्यावर आपलाच इलाज केला : हरीसा खाल्ला. हरीसा म्हणजे गहू आणि मांस घोटून केलेला, आपल्या रमजानच्या हलीमचा थोरला भाऊ. हकीम अली यांनी मनाई केली होती, ती त्यांनी मानली नाही. आयुष्यभर तर्क शिकवलेला माणूस! त्या तापातच ते गेले. त्यांना श्रीनगरला तख्त-ए-सुलेमान टेकडीवर दफन केले. आपल्याकडून काश्मीरला जाणारे यात्रेकरू त्याच टेकडीला शंकराचार्य टेकडी म्हणतात.