पोर्शेच्या इंजिनिअर्सना न सापडलेला टर्बोचा फॉल्ट या ड्रायव्हरने शोधून काढला होता

आज गाड्यांच्या शोरूममध्ये गेलं की अगदी छोट्या गाडीच्या मागेसुद्धा टर्बो लिहिलेलं दिसतं. सेल्समन सांगतो, इंजिन लहान आहे पण पिकअप बघा. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पळते, सोडला की शांत होते. यात काय विशेष, असं कुणालाही वाटेल.

पण ५० वर्षांपूर्वी विषय वेगळा होता. तेव्हा टर्बो लावलेली रेसिंग कार म्हणजे बिथरलेलं जनावर. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला तर आधी काहीच व्हायचं नाही. मग ड्रायव्हर अजून दाबायचा. आणि अचानक सगळीच्या सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर यायची. अशा वेळी स्टिअरिंग थोडं जरी तिरकं असेल तर गाडी ट्रॅकच्या बाहेर.

हे जनावर माणसाळवण्यात एका अमेरिकन गड्याचा मोठा वाटा आहे. नाव मार्क डोनाह्यू. तो रेसर होता हे खरंच, पण त्याचा पिंड मेकॅनिकचा होता. गाडी नीट चालत नसेल तर का चालत नाही, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही.

मार्कचा जन्म १८ मार्च १९३७ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा. ब्राऊन युनिव्हर्सिटीतून त्यानं १९५९ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली. कॉलेजात असतानाच त्याच्याकडे १९५७ च्या मॉडेलची कॉर्व्हेट होती. ती घेऊन त्यानं न्यू हॅम्पशायरमधल्या एका हिलक्लाइंबमध्ये, म्हणजे डोंगरावर गाडी चढवायच्या शर्यतीत भाग घेतला आणि पहिल्याच फटक्यात जिंकला. १९६१ मध्ये एल्व्हा कुरिअर नावाच्या छोट्या गाडीतून त्यानं हौशी रेसर्सची राष्ट्रीय चॅम्पियनशिपही मारली.

तरी त्याला कुणी मोठा ड्रायव्हर मानत नव्हतं. वॉल्ट हान्सगेन नावाच्या अनुभवी रेसरने मात्र त्याच्यातली चमक ओळखली आणि १९६५ च्या सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत आपल्या जोडीला फेरारी चालवायला घेतलं. पुढच्याच वर्षी ले मान्सच्या टेस्टिंगमध्ये हान्सगेनचा अपघात झाला आणि त्यात तो गेला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी मार्कची गाठ रॉजर पेन्स्केशी पडली. पेन्स्के स्वतः रेसिंग सोडून टीम उभी करत होता आणि त्याला ड्रायव्हर हवा होता.

पेन्स्केसाठी मार्कची पहिली शर्यत काय गाजली म्हणता! गाडी ठोकली आणि जळाली. दुसऱ्या कुणी असता तर घरी पाठवलं असतं. पेन्स्केने ठेवून घेतलं, आणि पुढच्या दोन वर्षांत, १९६७ आणि १९६८ मध्ये, मार्कने अमेरिकेची रोड रेसिंग चॅम्पियनशिप लागोपाठ जिंकून दिली.

या जोडीचं डोकं कसं चालायचं ते बघा. ट्रान्स-ॲम नावाच्या शर्यतीत शेवरोले कॅमेरोसारख्या रोजच्या वापरातल्या गाड्या धावायच्या. वजन कमी करायला यांनी गाडीची आख्खी बॉडी ॲसिडमध्ये बुडवली, म्हणजे पत्रा झिजून पातळ होतो. पिटमध्ये पेट्रोल पटकन भरलं जावं म्हणून टाकी उंच टॉवरवर चढवली. नियमात टाकी किती उंच असावी हे लिहिलेलंच नव्हतं ना! नंतर अर्थातच लिहिलं गेलं. मार्कने पुढे आपल्या करिअरवर पुस्तक काढलं त्याचं नावच द अनफेअर ॲडव्हान्टेज. पण गडी बोलायला इतका सालस होता की पेपरवाल्यांनी त्याला कॅप्टन नाइस करून टाकलं होतं.

तर आता येऊ पोर्शेकडे.

पोर्शेची ९१७ ही गाडी १९७० आणि १९७१ ला ले मान्स जिंकलेली. पण १९७२ पासून वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ३ लिटरपेक्षा मोठं इंजिन चालणार नाही असा नियम आला. पोर्शेचं ५ लिटरचं इंजिन एका रात्रीत बिनकामाचं झालं. मग त्यांनी मोर्चा वळवला अमेरिका-कॅनडातल्या कॅन-ॲमकडे. तिथं इंजिनाच्या साइजला मर्यादाच नव्हती. पण १९६७ पासून तिथं मॅक्लारेनचं राज्य होतं. त्यांच्या अजस्र शेवरोले इंजिनांपुढे पोर्शेची ताकद कमी पडत होती.

पोर्शेने ताकद वाढवण्यासाठी १६ सिलेंडरचं इंजिन करून बघितलं. दुसरा मार्ग होता आहे त्या १२ सिलेंडरच्या इंजिनाला दोन टर्बो लावायचा. त्यांनी टर्बो निवडला. आणि गाडी चालवायची जबाबदारी दिली पेन्स्के आणि डोनाह्यूला.

टर्बोचं काम सोपं आहे. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, तो वाया न घालवता त्यावर एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला अजून एक पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद.

अडचण अशी की पाय काढला की धूर कमी होतो आणि पंखा मंदावतो. पुन्हा पाय दाबल्यावर तो वेगात यायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या अंडाकृती ट्रॅकवर टर्बो आधीच आले होते, कारण तिथं ड्रायव्हरचा पाय बराच वेळ दाबलेलाच असतो. पण डावी-उजवी वळणं असलेल्या ट्रॅकवर दर काही सेकंदांनी पाय काढावा लागतो. तिथं टर्बो चालणार नाही असंच बहुतेकांचं मत होतं.

१९७१ च्या शेवटी मार्क जर्मनीत वाइसाखला पोचला. पोर्शेचा टेस्ट ट्रॅक तिथला. हान्स मेत्सगर इंजिनांचा प्रमुख, व्हॅलेंटिन शेफर टर्बोचा माणूस आणि हेल्मुट फ्लेगल गाडीचा इंजिनिअर. सगळे एकापेक्षा एक. त्यांच्या कागदावर इंजिन ९०० हॉर्सपॉवरच्या पुढे जात होतं.

आणि ट्रॅकवर? गाडी धड सुरू होईना. हळू वळणातून बाहेर येताना इंजिन अडखळायचं, गुदमरायचं, आणि मग एकदम पेटायचं. मधलं काही नाहीच. जणू बटण आहे, एक तर बंद नाहीतर फुल्ल.

पुष्कळ ड्रायव्हर्स अशा वेळी दोनच गोष्टी करतात. एक तर गाडीला शिव्या घालतात, नाहीतर तिच्या दोषाशी जुळवून घेत चालवायला शिकतात. मार्कने यातलं काहीच केलं नाही. तो इंजिनिअर्सकडे आकडे मागायला गेला.

इंजिन गाडीत बसवायच्या आधी डायनोवर तपासतात. म्हणजे स्टँडवर बांधून चालवायचं आणि कुठल्या आरपीएमला किती ताकद येते ते मोजायचं. पोर्शेने ते काम मनापासून केलेलं होतं. पण आकडे बघताना मार्कच्या लक्षात आलं की सगळी मापं वरच्या आरपीएमची आहेत. रेसिंगचं इंजिन वरच पळणार, मग खालचं कशाला मोजायचं, हा त्यामागचा हिशोब. पण वळणातून बाहेर पडताना इंजिन नेमकं खालच्याच आरपीएमला असतं, तेही अर्धवट दाबलेल्या पायाने. जिथं गाडी बिघडत होती, तिथं कुणी मोजलंच नव्हतं.

मार्कने हट्ट धरला की इंजिन परत डायनोवर चढवा आणि खालपासून मोजा.

मोजल्यावर दुखणं सापडलं. हवेच्या मानाने पेट्रोलचं प्रमाण खाली साफ चुकत होतं. त्या काळात कॉम्प्युटर नव्हता. पेट्रोल किती सोडायचं हे एक मेकॅनिकल पंप ठरवायचा आणि तो पंप बिनटर्बोच्या इंजिनाच्या हिशोबाने विचार करायचा. पाय किती दाबलाय आणि इंजिन किती वेगात फिरतंय एवढंच त्याला कळायचं. टर्बोने हवा किती कोंबलीय हा तिसरा हिशोब त्याच्या गावीच नव्हता. त्यामुळे इंजिनिअर्सनी पंपाची जुळणी नव्याने केली, हवेच्या वाटेतल्या व्हॉल्व्हवर काम केलं, मार्कने परत चालवून बघितलं, परत बदल. हे असं आठवडेच्या आठवडे चाललं.

जुन्या टर्बो गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक आजही याच वाटेने जातात. गाडी अडखळली की टर्बो बदला असं सांगणारे बरेच भेटतात, पण जाणकार माणूस आधी हवा कुठून गळतेय का, पेट्रोल बरोबर पोचतंय का आणि व्हॉल्व्ह अडकलाय का ते बघतो. बहुतेक वेळा बिचाऱ्या टर्बोचा काही दोष नसतो.

मे १९७२ मध्ये मार्कने इंडियानापोलिस ५०० जिंकली. ती गाडी मॅक्लारेनची, तिलाही टर्बो इंजिन. शेवटचे १३ लॅप तो पुढे होता आणि तेवढे पुरले. सरासरी ताशी २६२ किलोमीटरचा त्याचा रेकॉर्ड १९८४ पर्यंत टिकला.

जूनमध्ये कॅनडातल्या मोस्पोर्टला टर्बो पोर्शे ९१७/१० पहिल्यांदा कॅन-ॲममध्ये उतरली. मार्क सगळ्यात पुढून सुटला आणि पुढेच होता. तेवढ्यात एक व्हॉल्व्ह अडकला. पिटमध्ये वेळ गेला, तरी तो दुसरा आला. मॅक्लारेनवाल्यांना काय समजायचं ते समजलं.

आणि जुलैमध्ये रोड अटलांटाला टेस्टिंग करताना गाडीच्या मागच्या भागाचं कव्हर वेगात उडालं. गाडीच्या चिंधड्या झाल्या. मार्क वाचला, पण गुडघा गेला. त्याच्या जागी जॉर्ज फोल्मरला बसवलं. फोल्मरने ती शर्यत जिंकली आणि पुढे आख्खी चॅम्पियनशिपही. महिनोन्महिने खपून जी गाडी मार्कने तयार केली, तिचं विजेतेपद दुसऱ्याच्या नावावर लागलेलं त्याला बघावं लागलं. तो सालस होता, पण हे त्याला लागलं नसेल असं म्हणणं अवघड आहे.

१९७३ ला त्यानं वचपा काढला. नवीन गाडी होती ९१७/३०. इंजिन ५.४ लिटरचं, शर्यतीत ताकद ११०० हॉर्सपॉवरच्या आसपास आणि डायनोवर १५०० च्या पुढे. वजन मात्र एखाद्या छोट्या हॅचबॅकएवढं. टर्बोचा दाब कमी-जास्त करायला ड्रायव्हरच्या हाताशी नॉब. पहिल्या दोन शर्यती हुकल्या आणि उरलेल्या सहाच्या सहा मार्कने मारल्या. बाकीचे दुसऱ्या नंबरसाठीच धावत होते.

त्याच वर्षी तेलाचं संकट आलं. १९७४ साठी कॅन-ॲमने पेट्रोल किती जाळायचं यावर मर्यादा घातली आणि ही राक्षसी गाडी घरी बसली. पण तिच्यातून शिकलेलं वाया गेलं नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये पोर्शेने रस्त्यावर चालवायची ९११ टर्बो आणली, ती याच अनुभवावर.

मार्कने १९७३ च्या सीझननंतर रिटायरमेंट जाहीर केली होती. पण पेन्स्केने फॉर्म्युला वनची टीम काढली आणि १९७४ संपता संपता तो परत गाडीत बसला. हा निर्णय बरोबर होता का, यावर रेसिंगवाले आजही वाद घालतात. फॉर्म्युला वनमध्ये तो चाचपडतच होता. पेन्स्केची स्वतःची गाडी चालेना, म्हणून मधेच मार्च कंपनीची गाडी घ्यावी लागली.

मधल्या काळात त्यानं ९१७/३० पुन्हा बाहेर काढली. बंदिस्त ट्रॅकवरच्या वेगाचा जागतिक रेकॉर्ड करायचा होता. इथं दुखणं नवीन होतं. शर्यतीत अधूनमधून पाय निघतो आणि इंजिनाला उसंत मिळते. रेकॉर्डसाठी पाय सतत दाबलेला. दाबलेली हवा गरम होते आणि सतत गरम हवा आत गेली की इंजिन आतून फुटतं. आधीच्या प्रयत्नांत इंजिनं टिकली नाहीत. मग टर्बो आणि इंजिनाच्या मधे इंटरकूलर बसवले, म्हणजे हवा थंड करणारे रेडिएटर. ९ ऑगस्ट १९७५ ला टॅलाडेगाच्या ट्रॅकवर मार्कने ताशी ३५५.८६ किलोमीटरची सरासरी काढली. 

त्यानंतर आठच दिवसांनी, १७ ऑगस्टला तो ऑस्ट्रियन ग्रांप्रीच्या सकाळच्या सरावात होता. वेगातल्या वळणावर टायर फुटला. गाडी जाळ्या तोडत बाहेर गेली. या अपघातात ट्रॅकवरचा एक मार्शल मृत्युमुखी पडला. मार्क शुद्धीवर होता, बोलत होता. फक्त डोकं दुखत होतं.

ते दुखणं वाढत गेलं. ग्राझच्या हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा मेंदूत रक्तस्राव झालेला होता. तो कोमात गेला आणि १९ ऑगस्ट १९७५ ला वारला. वय फक्त ३८. त्याच्या पुस्तकाचं वर्षही हेच, १९७५. टायरवरून कोर्टात केस झाली आणि १९८४ मध्ये ज्युरीने कुटुंबाला ९६ लाख डॉलर्सची भरपाई द्यायला सांगितलं. पुढे हे प्रकरण तडजोडीने मिटलं.

मार्कचा मुलगा डेव्हिड तेव्हा लहान होता. मोठा होऊन तोही रेसर झाला. मार्कने १९६९ मध्ये डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली होती. बरोबर ४० वर्षांनी, २००९ मध्ये, डेव्हिडने तीच शर्यत पोर्शे इंजिनाच्या गाडीतून जिंकली. २४ तास पळून दुसऱ्या नंबरच्या गाडीपेक्षा तो ०.१६७ सेकंदाने पुढे होता.