भविष्यकथनाचे मोल आणि केप्लर

नवे पंचांग घरात आले की गणिताची पाने ओलांडून वर्षफलाचे पान प्रथम उघडणारे वाचक पुष्कळ असतात. तिथी आणि ग्रहणे यांसाठी पंचांगकर्त्याने घेतलेले कष्ट त्यांच्या खिजगणतीतही नसतात. पाऊस कसा पडेल, राज्यकर्त्यांना आणि प्रजेला वर्ष कसे जाईल, एवढेच त्यांना हवे असते. ही आवड केवळ आपल्याकडची नव्हे. ग्रहगतीचे तीन नियम जगाला देणाऱ्या योहान्नेस केप्लरला लौकिकाचा पहिला घास याच आवडीने भरवला; आणि तिच्या मुळाशी असलेल्या भोळ्या समजुतीने पुढे त्याच्या वृद्ध मातेला मरणाच्या दारी नेऊन उभे केले.

केप्लरचा जन्म जर्मनीतील वाइल डेर श्टाट या गावी २७ डिसेंबर १५७१ रोजी झाला. बाप भाडोत्री शिपाई. एकदा घर सोडून गेला तो परतलाच नाही. देवीच्या आजाराने मुलाची दृष्टी बालपणीच अधू झाली. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला, तेव्हा आई कॅथरिना हिने त्याला उंचावर नेऊन तो दाखविला. धर्मोपदेशक होण्याच्या इच्छेने तो ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात शिकला. तेथेच मेस्टलिन या गुरूकडून त्याला कोपर्निकसच्या मताचा परिचय झाला. मात्र १५९४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे गणिताच्या शिक्षकाची जागा त्याच्या वाट्यास आली.

या नोकरीत दरवर्षी भविष्यासह पंचांग तयार करण्याचे कामही करावे लागे. १५९५ च्या आपल्या पहिल्याच पंचांगात त्याने कडाक्याची थंडी, तुर्कांची स्वारी आणि शेतकऱ्यांचा उठाव यांचे भाकीत केले. तिन्ही खरे ठरले. वर्गात विद्यार्थी जमत नव्हते, तरी गावात शिक्षकाचे वजन वाढले. वास्तविक तुर्क सीमेवर होतेच आणि शेतकरी नाडलेले होतेच. भोवतालच्या घडामोडींवर नजर ठेवणाऱ्याला हा तर्क अवघड नव्हता. परंतु लोकांनी त्याचे श्रेय ग्रहांना दिले.

१६०० मध्ये केप्लर प्राग येथे टायको ब्राहीकडे गेला आणि टायकोच्या निधनानंतर, १६०१ मध्ये, सम्राट रुडॉल्फचा राजगणिती झाला. टायकोची निरीक्षणे आणि मंगळाची वर्तुळाकार कक्षा यांत केवळ आठ कलांचा फरक उरत होता. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. केप्लरने त्या आठ कलांसाठी दोन हजार वर्षांचे वर्तुळ टाकले आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळाचा नियम प्रसिद्ध केला. पण राजगणित्याचा पगार नेहमी थकलेला असे, आणि पत्रिकांना मागणी असे.

केप्लर फलज्योतिष सर्वस्वी नाकारणारा नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ग्रहांच्या परस्परकोनांचा मनुष्यस्वभावावर काही परिणाम होतो, असे तो मानी. मात्र कोणाच्या आयुष्यात कोणती घटना केव्हा घडेल, हे आकाशावरून सांगता येते हे त्याला मान्य नव्हते. १६१० च्या ग्रंथात सरसकट पुरस्कर्ते आणि सरसकट निंदक या दोघांपासूनही तो वेगळा राहिला. १६११ मध्ये, सम्राटाचे आसन डळमळत असता, राजाच्या निर्णयांपासून ज्योतिष दूर ठेवावे, असा सल्ला त्याने दिला.

१६१५ मध्ये वेगळेच संकट कोसळले. त्याच्या आईने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो, असा आरोप एका काचकामगाराच्या बायकोने केला. मग गावातील दुखण्यांचे खापर एकामागून एक त्या म्हातारीवर फुटू लागले. १६२० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, चेटकीण म्हणून तिला अटक झाली आणि चौदा महिने साखळदंडात काढावे लागले. केप्लर लिंझहून धावून आला. ग्रहांच्या बाबतीत वापरलेलीच रीत त्याने येथे वापरली : प्रत्येक आरोप वेगळा काढून त्या दुखण्याचे नैसर्गिक कारण दाखविले. सप्टेंबर १६२१ मध्ये छळाची हत्यारे समोर मांडली असताही तिने कबुली दिली नाही. ती सुटली, पण एप्रिल १६२२ मध्ये वारली.

हा खटला चालू असतानाच, पैशाच्या ओढीपायी, केप्लर भविष्याची पंचांगे लिहीत होता. दुष्काळाचे कारण ग्रहांत शोधणारी जनता गाय मेल्याचे कारण शेजारणीत शोधते, वृत्ती एकच. त्या वृत्तीवर पोट भरण्याची पाळी त्याच्यावर आली, ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत कडू गोष्ट होय.

सेनापती वॉलनश्टाइनसाठी केलेली त्याची पत्रिका १६३४ पाशी थांबते आणि त्याच वर्षी सेनापतीचा खून झाला, हे ज्योतिषप्रेमी आवर्जून सांगतात. त्याच पत्रिकेतील अनेक कालनिर्देश जुळत नसल्याची तक्रार खुद्द सेनापतीने केली होती, हे सांगत नाहीत. केप्लरचे खरे भाकीत निराळेच आहे. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाईल, असे त्याने १६२९ मध्ये जाहीर केले. आणि आपल्या गणितात चूक असू शकेल म्हणून आदल्या व दुसऱ्या दिवशीही पाहावे, असे सुचविले. १५ नोव्हेंबर १६३० रोजी तो रेगेन्सबुर्ग येथे वारला. ठरल्या दिवशी पॅरिसमध्ये गासेंदीने तो ठिपका पाहिला.

आपली चूक कशी पकडावी, हे जे भाकीत स्वतःच सांगते, त्यालाच शास्त्र म्हणावे. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच कसोटी ज्योतिषांपुढे ठेवली होती. हुशार मुले व मतिमंद मुले यांच्या पत्रिका ओळखायच्या होत्या. शंभरांत सुमारे शेहेचाळीस उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही याहून अधिक यश आले असते. विवाहापासून नोकरीपर्यंतचे निर्णय पत्रिकेच्या हवाली करणाऱ्या सुशिक्षितांनी केप्लरच्या आठ कलांची आणि त्याच्या आईच्या चौदा महिन्यांची एकत्र आठवण ठेवावी.