डॉक्टर जेम्स पार्किन्सन

लंडननजीकच्या हॉक्स्टन येथें ता. ११ एप्रिल १७५५ रोजीं जेम्स पार्किन्सन यांचा जन्म झाला. वडील वैद्य, त्यांच्याच हाताखालीं शिकून १७८४ त ते शस्त्रवैद्य झाले. गरिबांची बाजू घेऊन ते टोपणनांवानें पत्रकें लिहीत. त्यामुळें १७९४ त राजाच्या वधाच्या कथित कटासंबंधीं त्यांस प्रिव्ही कौन्सिलापुढें साक्ष द्यावी लागली.

परंतु त्यांचें नांव राहिलें तें १८१७ सालच्या कंपवातावरील एका लहानशा पुस्तकामुळें. त्यांत अवघे सहा रोगी आहेत. त्यांपैकीं दोन रस्त्यांत भेटलेले, आणि एक तर केवळ दुरून पाहिलेला! हात स्वस्थ ठेविला असतां कांपतो, देह पुढें वांकतो, पावलें आंखूड व घाईचीं पडतात, लिहिणें अशक्य होतें. बुद्धि मात्र शाबूत राहते, असें त्यांस वाटलें. तें सर्वांशीं खरें ठरलें नाहीं. तरी आजही डॉक्टर हा रोग मुख्यतः अंगावरील अशा खुणांवरूनच ओळखतात.

उपाय म्हणून मानेंतून रक्त काढण्याची त्यांची सूचना चुकीची होती. मेंदूंत डोपामीन ह्या द्रव्याची उणीव पडते, हें विसाव्या शतकांत कळलें, आणि १९६० नंतर लेवोडोपा हें औषध आलें. (आपल्या रानांतील खाजकुइलीच्या बियांतही तें असतें.) त्यानें कंप व ताठरपणा कमी होतो, रोग समूळ जात नाहीं.

ता. २१ डिसेंबर १८२४ रोजीं पार्किन्सन निवर्तले. ज्या सेंट लेनर्ड मंदिरांत त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्याच्याच आवारांत त्यांस पुरलें. रोगास त्यांचें नांव पुढें फ्रेंच डॉक्टर शार्को यांनीं दिलें. दुसऱ्यांस इतकें निरखून पाहणाऱ्या ह्या गृहस्थाचें एकही अस्सल चित्र उपलब्ध नाहीं.